बंद मागातलं कार्ड

आमच्या विणकर संस्थेच्या कार्यशाळेत उत्तरेकडच्या खिडकीपाशी एक उंच टेबल आहे. त्यावर चौकटी आखलेला कागद, पुठ्ठ्याची लांबट कार्डं आणि त्यांना भोकं पाडायचं लोखंडी यंत्र असतं. ही प्रेमानंद सोमकुवरची जागा. साडीच्या काठावर जी नक्षी उमटते ती आधी इथे तयार होते. कागदावरच्या नक्षीप्रमाणे एकेका कार्डाला भोकं पाडायची, मग सगळी कार्डं दोऱ्यानं बांधून त्यांची लांब माळ करायची आणि ती मागाच्या डोक्यावर बसवलेल्या जॅकार्ड नावाच्या यंत्राला चढवायची. भोक असेल तिथे सुई आत शिरते आणि धागा उचलला जातो. भोक नसेल तिथला धागा खालीच राहतो. विणकर पाय मारतो, धोटा फेकतो, पण कोणता धागा वर येणार ते कार्ड ठरवतं. कार्डात जे असेल ते माग मुकाट्यानं विणतो.

प्रेमानंदला स्वतःचा आजार कळला तो या कार्डांमुळे, म्हणून आधी हे सांगितलं.

या संस्थेत हिशेब आणि व्यवस्थापन माझ्याकडे आहे. पुढच्या वर्षी मी निवृत्त होईन. त्याच्याबद्दल लिहायचं मनात आलं तेव्हा त्याला विचारलं, नाव बदलू का? तो म्हणाला, "नका बदलू साहेब. नाव बदललं तर मी अजून लपून राहिलो असं होईन." त्याची बायको अस्मिता जवळच होती. तिनं एकच अट घातली. "मले रडताना दाखवू नका. मी रडली नव्हती."

प्रेमानंदचे वडील विणकर होते. घरात दोन माग होते, त्यांची कार्डं प्रेमानंदच पाडायचा. पण हातमागाच्या साडीला उठाव राहिला नाही तेव्हा हा भिवंडीला यंत्रमागावर गेला. काही वर्षांनी परत आला तो खोकत, हाडांचा सापळा होऊन. त्याला आता बारा वर्षं झाली. तोंडात पांढरे चट्टे, रोज संध्याकाळी ताप. सरकारी दवाखान्यात आधी क्षय निघाला, मग दुसरी तपासणी केली त्यात एचआयव्ही निघाला. आजार कुठून आला हे मी कधी विचारलं नाही. एकदा त्यानंच सांगितलं की तो भिवंडीतला आहे.

दवाखान्यात समुपदेशनाला नूपुरताई होत्या. त्या वेळी नव्या होत्या. त्यांनी त्याला समोर बसवून सांगायला सुरुवात केली, शरीरात सैनिक असतात, त्यांचा सेनापती असतो, वगैरे. प्रेमानंदनं हात जोडले.

"ताई, लढाई मी पाह्यली नाही. मले दुसऱ्या कशात सांगा."

"तुम्ही काम काय करता?"

"आता काही नाही. पयले कार्डं पाडत होतो. मागाची."

"म्हणजे कसं?"

मग त्यानं त्यांना जॅकार्ड समजावलं. ताईंनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "थांबा. मग तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं कळेल."

त्या दिवशी त्यांनी जे सांगितलं ते प्रेमानंदनं पुढे मला इतक्या वेळा सांगितलं आहे की आता ते माझंही पाठ झालं आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये टी पेशी नावाचा एक प्रकार आहे. त्यातल्या काहींच्या अंगावर सीडी-फोर नावाची खूण असते. या पेशी स्वतः जंतूला फारशा मारत नाहीत. त्यांचं काम कारखान्यातल्या मुकादमासारखं. जंतू आला की कोणी काय करायचं ते त्या इतर पेशींना सांगतात. कोणी जंतूला चिकटणारी द्रव्यं तयार करायची, कोणी बिघडलेल्या पेशी मारायच्या, हे सगळं त्यांच्या इशाऱ्यावर चालतं. एचआयव्हीचा विषाणू नेमका त्या खुणेला येऊन चिकटतो. शेजारच्या आणखी एका कडीला हात घालतो आणि पेशीच्या आत शिरतो. त्याच्याजवळ स्वतःचा माग नाही. त्याच्याजवळ फक्त नक्षीचा कागद आहे, तोही वेगळ्या लिपीतला. आत आल्यावर तो आधी त्या कागदावरून पेशीच्या लिपीतलं कार्ड पाडून घेतो. पाडायचं यंत्र तो बरोबर घेऊन येतो. मग ते कार्ड पेशीच्या स्वतःच्या माळेत मधोमध बांधून टाकतो. यापुढे पेशी आपलं काम करता करता त्याचीच नक्षी विणत बसते, म्हणजे हजारो नवे विषाणू. ते बाहेर पडतात, दुसऱ्या टी पेशी गाठतात. विणणारी पेशी लवकर मरते. आजूबाजूच्या, ज्यांच्यात ते कार्ड पुरतं बांधलंही गेलं नाही, अशाही पुष्कळ मरतात. शरीर नव्या पेशी करत राहतं, पण मरण्याचा वेग जास्त असतो. मुकादम संपत आले की बाकीचे कामगार हजर असूनही कारखाना ठप्प होतो. मग क्षय येतो, तोंडात बुरशी येते. एरवी जे जंतू दारातूनच परत गेले असते तेही घरात येऊन बसतात.

"किती उरले माह्ये मुकादम?" असं त्यानं विचारलं होतं. निरोगी माणसात ती मोजणी पाचशेच्या वर असते. त्याची शंभराच्या आत आली होती.

आधी क्षयाची औषधं आणि काही आठवड्यांनी एचआयव्हीची, असे उपचार सुरू झाले. ती गोळी रात्री झोपताना घ्यायची, कारण घेतल्यावर गरगरायचं. प्रेमानंदला भिंती हलताना दिसायच्या. आई, रंभाबाई, उशाशी बसून राहायची. वर्षभरात त्याच्या अंगावर मांस चढलं आणि तो आमच्या संस्थेत कार्डं पाडायला आला. कामात त्याचा हात असा की अजून नागपुरात त्याच्या तोडीचा दुसरा मी पाहिलेला नाही. काही वर्षांनी गोळी बदलली. नवी गोळी गरगरवत नव्हती. दिवसातून एकदा, केव्हाही घेतली तरी चालेल, वेळ मात्र रोज एकच ठेवा, असं ताईंनी सांगितलं. पण त्याला रात्रीची सवय होती. त्यानं ती रात्रीच ठेवली. बदलायचं काही कारणही नव्हतं.

अस्मिता जरीपटक्यातल्या एका दुकानात साड्यांना फॉल-पिको करते. पहिला नवरा अपघातात गेला होता. आमच्या साड्या त्या दुकानात जात, त्या निमित्तानं ओळख झाली. प्रेमानंदनं तिला एका रसवंतीत नेलं आणि उसाचा रस यायच्या आधीच सगळं सांगून टाकलं.

"मग?" मी त्याला विचारलं होतं.

"ती म्हणे, एवढा चेहरा पाडून सांगून राहिले, मले वाटलं दारू पिता का काय."

पण ती हसण्यावारी नेणारी नव्हे. दुसऱ्याच दिवशी ती एकटी नूपुरताईंकडे गेली. त्यांनी तिला सांगितलं की रोज गोळी घेणाऱ्याच्या रक्तात विषाणू सापडेनासा होतो. एकामागून एक तपासण्यांत तो सापडलाच नाही तर बायकोलाही त्याच्यापासून लागण होत नाही. पुढे मूलही होऊ शकतं. 'रोज' हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला, हे अस्मिताला अजून आठवतं. तीन महिन्यांनी बुद्धविहारात साध्या पद्धतीनं लग्न झालं.

लग्नाला चार-पाच वर्षं झाली. त्याच्या तपासण्या एकामागून एक चांगल्या येत गेल्या. मुकादमांची मोजणी सहाशेच्या वर आणि विषाणू 'आढळला नाही'. गेल्या वर्षी मार्चमध्ये डॉक्टरांनी दोघांना सांगितलं की मूल हवं असेल तर आता हरकत नाही. त्यांनाही ते हवं होतं. तेव्हापासून दोघांनी निरोध वापरणं थांबवलं.

त्याच सुमारास रंभाबाईनं जुना हट्ट पुन्हा काढला. आमच्याकडच्या बौद्ध घरांत अशी पद्धत आहे की मुलगा आयुष्यात एकदा तरी श्रामणेर, म्हणजे थोड्या दिवसांचा भिक्खू, होतो. दहा दिवसांचं शिबिर असतं. डोकं भादरतात, चीवर घालतात, पहाटे उठून ध्यान करतात आणि दुपारनंतर काही खात नाहीत. दहा दिवसांनी माणूस पुन्हा संसारात येतो.

"मरायच्या आधी एकदा तुले चीवरात पाहू दे," रंभाबाई म्हणाली.

"माय, तू तं मागच्या वर्षीबी मरणार होती."

"मग? तुह्यासाठीच थांबून राह्यली ना!"

मेच्या उन्हात उमरेड रोडकडच्या एका विहारात शिबिर होतं. निघताना अस्मितानं विचारलं, "गोळ्यांची बाटली घेतली?" त्यानं पिशवी उघडून दाखवली. बाटली होती.

विहाराच्या दारात टेबल होतं. मोबाइल, घड्याळ, पाकीट, जे काही असेल ते पिशवीत घालून जमा करायचं आणि क्रमांकाचं टोकन घ्यायचं. प्रेमानंदनं पिशवी दिली, बाटलीसकट. पहिल्या रात्री गोळीची वेळ झाली. दुपारनंतर पाण्याखेरीज पोटात काही घालायचं नाही, हे शील त्यानं सकाळीच घेतलं होतं. भंतेजींना विचारता आलं असतं. पण विचारलं की कशाची गोळी हे आलं, आणि वीस जण एका सभागृहात झोपलेले. त्यानं ठरवलं, दहा दिवसांचाच प्रश्न आहे.

दहा दिवसांत काही झालं नाही. उलट अंग हलकं वाटत होतं. शेवटच्या दिवशी रंभाबाईनं मुलाच्या पाया पडून घेतलं. चीवरातल्या माणसाच्या पाया आईही पडते. प्रेमानंदला ते सहन होईना, आणि तिला मात्र त्याचाच आनंद.

घरी आल्यावर रात्री त्यानं बाटली हातात घेतली आणि पुन्हा फळीवर ठेवली. का ठेवली, याचं उत्तर त्यानं मला असं दिलं. "साहेब, कापड चार-पाच वर्षं साफ येऊन राह्यलं होतं. मी म्हटलं, चुकीचं कार्ड कधीचंच गळून पडलं असन. आपण उगा गोळ्या खाऊन राहिलो. अन् बाप व्हायचं होतं ना. वाटे, गोळी न खाणारा बाप व्हावं."

लग्नानंतर सुरुवातीला अस्मिता त्याच्या गोळीवर लक्ष ठेवायची. मग तिनं ते सोडलं होतं. माणसानं इतकी वर्षं नेम पाळला तर कोण पाहत बसतं?

जून गेला. पाऊस सुरू झाला. प्रेमानंद कामावर येत होता, हसत होता, वजनही तसंच होतं. जुलैमध्ये आम्हाला कमळाच्या काठाच्या साड्यांची मोठी मागणी आली. त्या काठाचा एक माग दोन वर्षं बंद पडून होता. बंद करताना कुठल्याशा कार्डाची चूक निघाली होती. ती दुरुस्त करायची ठरलं, आणि मग विणकरच दुसऱ्या मागावर गेला आणि सगळेच विसरले. धूळ बसू नये म्हणून मागावर जुनं कापड टाकलेलं होतं. मागणी आली तेव्हा मी म्हणालो, तो माग सुरू करा. नत्थूजी हे आमचे सगळ्यांत जुने विणकर. वय सत्तरीकडे, पण जीभ विशीतली. त्यांनी कापड झटकलं, तेलपाणी केलं आणि बसले. हातभर विणून झालं आणि त्यांनी आरोळी मारली.

"प्रेमा! अरे इकडं ये गा! तुह्या कमळाले सोंड फुटली!"

प्रेमानंद गेला. मीही गेलो. प्रत्येक कमळाच्या डाव्या पाकळीतून एक रेघ बाहेर आली होती, खरंच सोंडेसारखी. तीच ती जुनी चूक होती.

"हे असं कसं?" मी म्हणालो. "या मागाची दोन वर्षांत एकही तक्रार नाही."

नत्थूजींनी धोटा मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे दयेनं पाहिलं. "रविंद्रबाबू, बंद मागाची तक्रार कोण करीन?"

सगळे हसले. मीही हसलो. प्रेमानंद हसला नाही. तो स्टुलावर चढला, जॅकार्डवरची माळ हातानं एकेक कार्ड सरकवत पाहू लागला आणि एका कार्डापाशी थांबला. ते दुसऱ्याच नक्षीचं होतं. कधी काळी चुकून या माळेत बांधलं गेलेलं, धुळीनं माखलेलं, पण भोकं जशीच्या तशी. तो खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"काय गा, भूत पाह्यलं का?" नत्थूजी म्हणाले.

"नाही जी. मले घरी जाऊ द्या साहेब."

त्याला काय आठवलं ते मला नंतर कळलं. नूपुरताईंनी पहिल्याच महिन्यात एक गोष्ट सांगितली होती आणि तो ती पार विसरला होता. विषाणूचं कार्ड बांधलं गेलेल्या सगळ्याच टी पेशी लगेच विणायला बसत नाहीत. थोड्या पेशी झोपी जातात. जुन्या आजारांची आठवण ठेवणाऱ्या पेशी असतात ना, त्या अशाच वर्षानुवर्षं निजून असतात, आणि त्यांतल्या काहींच्या माळेत ते कार्ड तसंच असतं. गोळीतली औषधं दोन कामं करतात. नवीन कार्ड पाडू देत नाहीत आणि पाडलेलं कार्ड नव्या पेशीच्या माळेत बांधू देत नाहीत. पण जे आधीच बांधलं गेलं आहे ते सोडवून काढायला त्यांना येत नाही. निजलेली पेशी विणत नाही, म्हणून तपासणीत काही सापडत नाही. गोळी थांबली आणि त्यांतली एखादी जागी झाली, की विणकाम पहिल्यापासून सुरू होतं.

कापड साफ येत होतं ते कार्ड गळालं म्हणून नव्हे, माग निजलेला होता म्हणून. प्रेमानंद घरी गेला नाही. तो सरळ जरीपटक्यात अस्मिताच्या दुकानावर गेला.

तिनं त्याला दारात पाहून पिकोचं यंत्र थांबवलं. "काय झालं? माय बरी आहे ना?"

"बाहेर ये वं."

रस्त्यावर गर्दी होती, दुचाक्यांचे हॉर्न वाजत होते. दुकानाच्या बाजूला उभं राहून त्यानं सांगितलं. मेपासून गोळी घेतलेली नाही. एकही नाही.

"मेपासून," ती म्हणाली. "अन् मी इथं विहारात दर पौर्णिमेला मेणबत्ती लावून राहिली लेकरासाठी."

"अस्मिता—"

"काहून नाही सांगितलं? मले काहून नाही सांगितलं? मी कोणाची कोण लागते?"

"मले वाटलं गेलं असन ते."

"तुमाले वाटलं! आजार तुमचा आहे, पण अंग माहं बी आहे ना यात?"

तिनं ओढणीनं कपाळावरचा घाम पुसला. मग विचारलं, "गोळ्या कुठी आहेत?"

"घरी. फळीवर. सगळ्या."

"एकबी फेकायची नाही. उद्या सकाळी सगळ्या घेऊन जायचं, जशाच्या तशा. अन् आता मले काम आहे. चार साड्या आज द्यायच्या आहेत." ती आत गेली आणि यंत्र पुन्हा सुरू झालं. तो दुकान बंद होईपर्यंत बाहेर उभा राहिला. ती निघाली तेव्हा गाडीवर मागे बसली, मधे पिशवी ठेवून.

दवाखान्यातल्या औषध केंद्रात तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देतात आणि पुढच्या खेपेला उरलेल्या मोजतात, किती खाल्ल्या ते कळावं म्हणून. नूपुरताईंनी भरलेल्या बाटल्या पाहिल्या, मोजायच्या भानगडीत पडल्या नाहीत. "या गोळ्या उन्हाळ्याच्या सुट्टीवर गेल्या होत्या वाटतं," एवढंच म्हणाल्या. मग दोघांचं सगळं ऐकून घेतलं. प्रेमानंदचं रक्त घेतलं, गोळी त्याच दिवसापासून सुरू केली. मग डॉक्टरांनी अस्मिताला आत बोलावलं आणि शेवटचा संबंध कधी आला ते विचारलं. परवाच, ती म्हणाली. तीन दिवसांच्या आत असेल तर लागण टाळायला महिनाभर औषध देता येतं. डॉक्टरांनी तिला ते दिलं. तिनं बाटली उघडून पाहिली. तीच गोळी होती.

"तिच्या पेशींत कार्ड बांधलं जाऊ नये म्हणून," प्रेमानंदनं मला सांगितलं, आणि सांगताना खिडकीबाहेर पाहत होता.

अस्मिताची त्या दिवशीची तपासणी चांगली आली, पण त्यावर भरवसा ठेवायचा नव्हता. लागण झाली असली तरी सुरुवातीला तपासणीत दिसत नाही. मधे एकदा आणि पक्कं पाहायला दसऱ्याच्या सुमाराला, असं ठरलं. प्रेमानंदचा अहवाल आला. विषाणू परत आला होता, हजारोंनी. मुकादम सहाशेवरून चारशेवर उतरले होते. आता तीच गोळी पुन्हा लागू पडते की विषाणूनं तिला दाद द्यायचं सोडलं आहे, हेही तीन महिन्यांनीच कळणार होतं.

मधले महिने त्या घरात भांडण झालं नाही. अस्मितानं फक्त एक बदल केला. गोळीची वेळ सकाळी आणली, चहासोबत. पहिला महिना दोघांनी एकाच वेळी घेतली. पहिल्या दिवशी तिनं गोळी हातात धरून पाहिली.

"मले वाटे कडू असन. नुसती मोठी आहे."

"पाण्यासंग घे, चहासंग नको. घशात अडकते."

"शिकवू नका."

रंभाबाईला सगळं कळलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. तिच्या हट्टापायी हे झालं असं तिला वाटू लागलं. पावसाळ्यात भिक्खू एकाच विहारात राहतात, त्या वर्षावासात भंतेजींना घरी भोजनदानाला बोलावतात. त्या वेळी शिबिर घेणारे भंतेजीच आले. जेवण झाल्यावर प्रेमानंदनं त्यांच्यासमोर बसून सांगितलं, आजाराचं नाव घेऊन. भंतेजी वयस्क आहेत, हळू बोलतात.

"भिक्खूच्या गरजा किती?" त्यांनी विचारलं.

"चार."

"सांग."

"चीवर... भोजन... निवारा..." प्रेमानंद अडला.

"औषध!" स्वयंपाकघरातून रंभाबाई ओरडली.

भंतेजी हसले. "आईनं दिलं उत्तर. आजारी माणसाला औषध केव्हाही चालतं. बुद्धांनीच परवानगी दिलेली आहे. मला विचारायचं होतं ना."

"विचारलं असतं तं नाव सांगा लागलं असतं भंतेजी."

"नाव कोण मागणार होतं?"

रंभाबाई दारात येऊन उभी राहिली होती. तिचा चेहरा मात्र त्या दिवशी मोकळा झाला.

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात दोघं केंद्रात गेले. त्या दिवसांत दीक्षाभूमीकडे जाणाऱ्यांची गर्दी शहरात सुरू झालेली असते. बस भरलेली होती, दोघं उभ्यानं गेले. नूपुरताईंनी आधी अस्मिताचा कागद पाहिला आणि लगेच मान हलवली. तिला लागण झालेली नव्हती. मग प्रेमानंदचा. विषाणू आढळला नाही. गोळी अजून लागू पडत होती.

प्रेमानंद खुर्चीत बसून राहिला. अस्मिता उठली. ती रडली नव्हती, हे मी तिच्या अटीप्रमाणे लिहितो आहे, आणि प्रेमानंदही तसंच सांगतो. ती म्हणाली, "मले भूक लागली." दवाखान्याच्या बाहेर ठेल्यावर दोघांनी तर्री-पोहे खाल्ले. तिनं वरून आणखी तर्री मागितली आणि घामाघूम होईपर्यंत खाल्ले. मग तोंड पुसत म्हणाली, "आता तुमच्यावर मी विश्वास ठेवणार नाही. चहावर ठेवणार." तेव्हापासून त्यानं गोळी घेतल्याशिवाय त्याला चहा मिळत नाही.

नत्थूजींच्या त्या मागाचं ते कार्ड प्रेमानंदनं दुसऱ्याच दिवशी काढून नवीन बांधलं होतं. कमळाच्या साड्या वेळेवर गेल्या. मागाचं कार्ड काढता येतं. पेशीतलं काढायची रीत अजून कोणाला सापडलेली नाही. ते तिथे आहे हे धरून चालायचं आणि माग निजलेला ठेवायचा, एवढंच हाती आहे. प्रेमानंद हे आता शांतपणे सांगतो.

या मेमध्ये त्याच विहारात पुन्हा शिबिर भरलं. मी दान द्यायला गेलो होतो. मागच्या बाजूला बायका भाजी चिरत बसल्या होत्या. त्यांत रंभाबाई होती आणि भिंतीला पाठ टेकून अस्मिता. तिला सहावा महिना लागला होता आणि सासू तिला विळीला हात लावू देत नव्हती. "बस ना वं चूप! चिरायले आम्ही मेलो का?"

दारातल्या टेबलावर प्रेमानंद बसला होता, पिशव्या जमा करून घ्यायला. ते काम त्यानं भंतेजींकडून मागून घेतलं होतं. ऊन रणरणत होतं, रांग लांब होती. प्रत्येकाला तो एकच प्रश्न विचारत होता.

"औषध काही आहे का? बीपी, शुगर, काहीबी. असन तं ते जमा करायचं नाही. जवळ ठेवायचं."

कोणी गोळ्यांचं पाकीट काढून घेत होतं, कोणी नाही म्हणत होतं. चाळिशीचा एक माणूस आला. त्यानं पिशवी टेबलावर ठेवली, पण हात आत घालून तसाच उभा राहिला. मागचे लोक पाहत होते. प्रेमानंदनं पिशवी स्वतःकडे वळवली, तोंड उघडून त्याच्याकडे धरली, आणि आपण मान वळवून टोकन शोधू लागला. त्या माणसानं एक पांढरी बाटली काढून चटकन खिशात घातली.

"संध्याकाळची आहे," तो हळूच म्हणाला. "दुपारनंतर काही घेत नाहीत म्हणतात."

"औषधाले दुपार नसते, दादा. वेळेवर घ्या." प्रेमानंदनं त्याच्या हातात टोकन दिलं. "भंतेजींना विचारून ठेवलंय मी. चला, पुढचे कोण?"